भिंत पडली, काठ राहिला

वर एकांनी लिहिलंय की नागपूरच्या नाग नदीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची उंच भिंत घातली की पुराचा प्रश्न मिटेल. मला हे पटत नाही. भिंतीमुळे पाणी थांबत नाही, नुसतं जोरात पुढे जातं आणि खालच्या वस्तीत शिरतं. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, तेव्हा आमच्या घरामागची संरक्षक भिंत आडवी झाली. कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत गाळ होता. पण थोडं पुढे, जिथे करंजाची झाडं आणि गवताचा उतार तसाच राहिला होता, तिथली माती जागची हलली नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

उन्हाळ्यात कूलरला ज्याच्या ताट्या लावतो तो वाळा काठावर लावून बघायला हवा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरतात. आणि नदीला पसरायला जागा हवीच. नेदरलँड्समध्ये नायमेगेनला वाल नदीचा बांध 350 मीटर मागे घेतला, त्यासाठी घरंही हलवली. आपल्याकडे निदान काठावरची मोकळी मैदानं तरी बांधकामापासून वाचवा.