संपादक आजोबांच्या चार ट्रंका: सगळं द्यायचं की निवडून द्यायचं?

ट्रंकवाला

आमचे आजोबा तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवायचे. चार पानं, खिळ्यांची छपाई आणि खरं सांगायचं तर निम्मा अंक त्यांच्या पक्षाचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आत जाऊन आले, पुढे प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांची भाषणं लिहून दिली. आता घर विकायचंय म्हणून माळ्यावरून चार ट्रंका उतरवल्यात. वर्गणीच्या वह्या, शेकड्यांनी पोस्टकार्डं, सभांच्या खर्चाचे हिशेब, आणीबाणीत सेन्सॉरने रेघा मारून परत पाठवलेली पानं. कसर लागलीय, पण अक्षर वाचता येतं.

एक अभिलेखागार हे सगळं घ्यायला तयार आहे. भांडण घरातच आहे, आणि तेही एका टाचणीवरून.

१९७१ सालची एक चिठ्ठी निघाली. साखर कारखान्याचं लेटरहेड, निळ्या शाईत दोनच ओळी: 'विषय सध्या राहू द्यावा. जाहिरातीचे बिल पाठवून द्यावे.' तिला टाचून ठेवलेली एक गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा तपासणीसाठी काढलेला छाप. उसाच्या वजनकाट्यावरचा लेख, पूर्ण जुळवलेला, प्रुफं तपासलेली आणि वर आजोबांच्या अक्षरात 'थांबवा'. मी अंकांची फाइल चाळली. लेख कुठेच नाही. पुढच्याच अंकात कारखान्याची पानभर जाहिरात आहे.

काकांचं म्हणणं, ही दोन पानं काढून घ्या, बाकी खुशाल द्या. माझं म्हणणं, द्यायचं तर टाचणीसकट द्या. आजोबांनी काय छापलं ते अंकांच्या फाइलीत आहेच, त्यासाठी ट्रंका कशाला हव्यात? काय छापलं नाही, ते फक्त इथे आहे.

निवृत्त कंपॉझिटर

साफ असहमत. माझी अर्धी हयात अशाच एका छापखान्यात गेली. संपादकाच्या टेबलावर येणारं प्रत्येक पत्र छापण्यासाठी नसायचं. कुणी तलाठी साहेबाविरुद्ध लिहायचा आणि खाली 'नाव येऊ देऊ नये' म्हणून दोनदा रेघ ओढायचा. एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीचं लिहून पाठवायची, कारण गावात लिहिता-वाचता येणारा आणि पोलिसपाटलाला न घाबरणारा माणूस एकच. त्या लोकांची मुलं-नातवंडं त्याच गावात राहतात. आजोबांनी जी नावं पोटात ठेवली, ती आता नातू ओकणार का?

कारखान्याच्या चिठ्ठीचं मला काही वाटत नाही. पण 'सगळं द्या' म्हणताना त्या सगळ्यात तुमचे आजोबा थोडे आणि दुसरेच लोक जास्त आहेत, हे ध्यानात ठेवा.

उलटतपासणी

मला चिठ्ठीचंच वाटतं. सुटा कागद फार वाईट साक्षीदार असतो. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो 'केसरी'तल्या लेखांवरून, पण घरझडतीत सापडलेलं एक पोस्टकार्डही कोर्टापुढे आलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं होती, बस. स्फोटकांचा नवा कायदा त्याच वर्षी जूनमध्ये आला होता, त्यावर लिहिण्यासाठी टिपून ठेवली, असं टिळकांनी सांगितलं. ज्युरी सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं. शिक्षा काही त्या कार्डामुळेच झाली असं मी म्हणत नाही. पण अग्रलेख लिहिणाऱ्याच्या खणातला साधा कागद सरकारी वकिलाच्या हातात गेला की कसा वाचला जातो, ते दिसतं.

तुमच्या चिठ्ठीचंही तेच. लेख चुकीच्या आकड्यांमुळे थांबवला असेल. बिल आधीच्या जाहिरातीचं असेल. आजोबा आता खुलासा करायला येणार आहेत का?

दप्तरदार

उलटतपासणी, उदाहरण चोख आहे, पण ते तुमच्यावरच उलटतं! ते कार्ड घातक झालं कारण पोलिसांनी घरभर कागदांतून नेमकं तेवढं उचललं. काका वेगळं काय करतायत? पोलिसांनी वाईट दिसणारं निवडलं, काका चांगलं दिसणारं निवडतायत. आकडे चुकले होते की नाही, बिल कुठल्या जाहिरातीचं, हे कशावरून कळेल? शेजारच्या हिशेबवहीवरून आणि त्या महिन्याच्या पत्रांवरूनच. म्हणजे आजोबांचा बचावही त्याच ट्रंकेत आहे, असलाच तर.

आणि घरी ठेवलेले कागद सुरक्षित राहतात हा गोड गैरसमज आहे. 'बहिष्कृत भारत'चे संपादक म्हणजे खुद्द डॉ. आंबेडकर. ते गेल्यावर त्यांच्या कागदपत्रांचं काय झालं? दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरातली कागदपत्रं जानेवारी १९६७ मध्ये उघड्या अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजली. राज्य सरकारने छापलेल्या लेखन-भाषणांचा पहिला खंड आला तो १९७९ साली. मधल्या काळात काय काय गेलं याची यादी आज कोण देणार? हे आंबेडकरांच्या कागदांचं झालं, तालुक्याच्या साप्ताहिकाच्या ट्रंकेला कोण विचारतो?

निवृत्त कंपॉझिटर

पाऊस आणि वाळवीबद्दल वाद नाहीच. त्या बाईच्या पत्राचं काय, ते बोला.

शंकासुर

कायद्याचं थोडं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराला त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि हयातीत न छापलेल्याची ६० वर्षं तर पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. त्यामुळे आजोबांना आलेली पत्रं तुम्ही संस्थेला देऊ शकता, अभ्यासक तिथे बसून वाचू शकतो, पण उद्या कुणी त्यांचं पुस्तक काढायला निघालं तर तुमच्या एकट्याच्या परवानगीवर भागत नाही. हे देणगीपत्रात लिहून घ्या.

आणि आणखी एक. कागद अस्सल की बनावट हेही कुणीतरी बघायला हवं. १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले ते याच पायी. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची म्हणून हाती आलेली पत्रं खरी मानून छापली आणि ती बनावट निघाली. संपादकाच्या ट्रंकेत सापडलं म्हणून खरं, असं नसतं.

दप्तरदार

कंपॉझिटर काका, त्या बाईच्या पत्राला उपाय आहे. देताना सगळं द्यायचं, उघडताना सगळं एकदम उघडायचं नाही. मौलाना आझादही संपादकच, १९१२ साली कलकत्त्यात त्यांनी 'अल-हिलाल' काढलं. त्यांच्या आत्मकथनातली तीसेक पानं त्यांच्या मृत्यूनंतर ३० वर्षं मोहोरबंद होती, १९८८ साली उघडली. पानं जळली नाहीत, हरवली नाहीत, त्यांची वेळ येईपर्यंत थांबली एवढंच. आजोबांच्या ट्रंकेतही खासगी माणसांच्या पत्रांचा वेगळा गठ्ठा करून त्याला मुदत घालता येईल. कारखान्याची चिठ्ठी मात्र त्या गठ्ठ्यात नाही. तो सार्वजनिक व्यवहार आहे.

उलटतपासणी

आणि कुठलं पत्र खासगी, कुठलं सार्वजनिक, हे कोण ठरवणार? पुन्हा काकाच ना? मोहोरबंद गठ्ठा म्हणजे घराण्याची अडगळ लपवायची सरकारमान्य जागा होऊन बसते. आझादांची ती पानं उघडल्यावर मला तरी वाटलं होतं, एवढ्यासाठी तीस वर्षं?

वाळवी

काकांना एकदा शांतपणे विचारा तरी. आजोबांची अब्रू जाईल ही भीती आहे, की कारखान्यात कुणी अजून नोकरीला आहे?

ट्रंकवाला

वाळवी, नेम बरोबर लागला. चुलतभाऊ तिथेच आहे. धाग्यात लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलं.

कंपॉझिटर काकांचं मला पटलं. 'सगळं' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त आजोबा होते. काल रात्री दुसरी ट्रंक पुन्हा उघडली. एका पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचं नाव आजोबांनी स्वतःच शाईने खोडलंय, इतकं दाबून की कार्डाला भोक पडलंय. अशी अकरा कार्डं सापडली. निवड त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. चिठ्ठी आणि गॅली मात्र त्यांनीच एकत्र टाचून जपली, पन्नास वर्षांत कधीही चुलीत घालता आली असती. त्यामुळे नावं खोडलेली कार्डं आणि घरगुती पत्रं मुदतीच्या गठ्ठ्यात जातील, चिठ्ठी उघड्या फाइलीत. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

दप्तरदार

सांगायच्या आधी एक काम करा. अभिलेखागारात गेल्यावर ती टाचणी निघणारच, गंज कागद खातो म्हणून धातूची प्रत्येक टाचणी काढतात. आणि ती निघाली की चिठ्ठी आणि गॅली हे दोन अनोळखी कागद झाले. टाचणी लावलेल्या स्थितीत दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागे पेन्सिलीने १ आणि २ घाला. बॉलपेन नको.

ट्रंकवाला

फोटो काढले. गंजाचा डाग दोन्ही पानांवर एकाच जागी उमटलाय, तोही फोटोत आलाय. काका रविवारी येतायत.