तंबाखू, वुजू आणि मशिदीतील वास

प्रश्न : अस्सलामु अलैकुम. माझे वडील अनेक वर्षांपासून तंबाखू खातात आणि पाचही वेळची नमाज नियमाने पढतात. वुजू (नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुऊन होणारी शुद्धी) केल्यावर तंबाखू खाल्ली तर वुजू पुन्हा करावा लागतो का, असे त्यांनी मला विचारले. जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजात, शेजारच्यांना वासाचा त्रास होतो, हे दिसत असूनही त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

उत्तर १ : वालेकुम अस्सलाम. तंबाखूने वुजू तुटत नाही, कारण ते पान नापाक नाही. मात्र चक्कर येऊन शुद्ध हरपली तर वुजू नव्याने करावा लागेल. तोंडात तंबाखू ठेवून नमाजला उभे राहू नये, कारण तिचा रस घशाखाली गेला तर नमाजच तुटते. रोजा तर खाण्याने आणि ओढण्याने, दोन्हींनी तुटतो.

उत्तर २ : वुजूचा प्रश्न सोपा आहे, खरा प्रश्न वासाचा आहे. ज्याने लसूण किंवा कांदा खाल्ला असेल त्याने आमच्या मशिदीपासून दूर राहावे, अशी हदीस (पैगंबरांचे वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. माणसांना ज्याचा त्रास होतो त्याचा फरिश्त्यांनाही होतो, हे तिचे कारणही सांगितले आहे. कांदा-लसूण हलाल असूनही त्यांच्या वासामुळे एवढी ताकीद आहे, तर तंबाखूला ती लागू होणारच. म्हणूनच हनफी पंथाचे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) इब्न आबिदीन यांनीही तंबाखूच्या चर्चेत कांदा-लसणाचाच दाखला घेतला. त्यामुळे वुजू शाबूत असला तरी मिस्वाक (दात घासायची काडी) करून आणि खळखळून चूळ भरूनच मशिदीत पाऊल ठेवावे.

उत्तर ३ : तंबाखू मुळात जायज (धर्मसंमत) आहे का, हेही पाहायला हवे. ती मुस्लिम देशांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचल्याने जुन्या ग्रंथांत तिचा थेट हुकूम नाही. उस्मानी (ऑटोमन) सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तर दमास्कसचे आलिम (धर्मपंडित) अब्दुल गनी नाबुलुसी यांनी ती मुबाह (करायला हरकत नसलेली) ठरवली. आजही बरेच हनफी उलेमा तिला मकरूह (नापसंत, टाळावी अशी) म्हणतात. मलेशियाच्या फतवा परिषदेने १९९५ मध्ये आणि इंडोनेशियाच्या मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेने २०१० मध्ये धूम्रपान हराम ठरवले. तंबाखूने होणारे कर्करोग आता सिद्ध झालेले असताना, स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुराणाच्या सूरह बकरातील १९५वी आयत मला निर्णायक वाटते.

प्रश्नकर्ता : जझाकल्लाह. अब्बांना तंबाखू सोडा म्हणायचे धाडस मला आज होणार नाही, पण ही लसणाची हदीस इशाच्या (रात्रीच्या) नमाजला निघण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवीन आणि मिस्वाक त्यांच्या हाती देईन.