अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याच्या आठवणी जशा नोंदवल्या गेल्या, तशा आपल्या भागात कशा नोंदवाव्यात?

प्रश्न : वेदगंगाकाठ (निपाणी)

सर्वांना जय भीम. निपाणीजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांचा बसमधील वर्णभेदाविरुद्धचा 1955-56 चा बस बहिष्कार वर्गात सांगताना, 381 दिवस मोलकरणी आणि मजूर पायी कामावर जात राहिले, असे मी म्हणालो. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, हे इतके बारीकसारीक कळले कोणाकडून. त्या लोकांनीच सांगितले आणि कोणीतरी लिहून घेतले, एवढेच उत्तर मला देता आले.

आपल्याकडे मार्च 1920 ची माणगाव परिषद आणि एप्रिल 1925 मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत निपाणीत भरलेली बहिष्कृत परिषद यांचा उल्लेख पुस्तकांत सापडतो. त्यानंतर गावोगावी काय घडले, येसकरकीची पाळी (महार घरांनी आळीपाळीने करायची गावकीची सक्तीची कामे) प्रथम कोणत्या घराने नाकारली, हॉटेलच्या वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी कोणी फोडली, गावच्या विहिरीत पहिली घागर कोणी बुडवली, हे मात्र आता ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडीच उरले आहे. अमेरिकेतील अशा कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रश्न कोणी विचारावेत आणि जमा झालेले कोठे ठेवावे, या दोन बाबींवर मी विशेषतः अडलो आहे.

उत्तर 1 : टिपणवही (बेळगाव)

सर, विचारणारा कोण, हाच कळीचा मुद्दा आहे. 1936 ते 1938 या काळात बेरोजगार लेखकांना काम देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या लेखक योजनेतून, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजार तीनशेहून अधिक वृद्धांची कथने नोंदवली गेली. विचारणारे बहुतेक गोरे होते, काळ महामंदीचा होता आणि दारात आलेला माणूस सरकारी मदत किंवा पेन्शन मिळवून देईल, अशी अनेक वृद्धांची समजूत होती. चार्ल्सटन शहरातील सुसान हॅम्लिन या वृद्धेची उदाहरणे अभ्यासक नेहमी देतात. गोऱ्या मुलाखतकार बाईंना त्यांनी मालक चांगला असल्याचे सांगितले. त्याच वृद्धेने कृष्णवर्णीय मुलाखतकाराला मात्र फटक्यांच्या शिक्षा आणि लेकरांपासून तोडल्या गेलेल्या आया यांविषयी सांगितले. माणूस तोच, आठवणी त्याच. समोर कोण बसले आहे, यावर काय बोलायचे ते ठरले. आपल्याकडे गावच्या गुरुजींनी वही उघडली की म्हातारी माणसे 'गाव चांगलंच होतं' म्हणून मोकळी होतात, त्याचे कारण याहून वेगळे नसावे.

दुसरी गोष्ट मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराचीच. नेत्यांची भाषणे कोणीही जपतो. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी आपल्या मैत्रिणींसह सँडविच आणि केक-पाय विकून आंदोलनाला पैसा पुरवला. पैसा देणाऱ्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव फुटले असते तर काम गेले असते, म्हणून सभेत रक्कम जमा करताना ती 'कुठूनच नाही' आलेली, असे सांगितले जाई. कागदावर न आलेली ही बाजू स्वयंपाकघरातल्या माणसांनी पुढे सांगितली, म्हणूनच उरली. आपणही पुढाऱ्यांच्या आधी त्यांच्या घरच्या बायकांकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर 2 : दूधगंगा (चिकोडी तालुका)

टिपणवही सरांचे पटते, परंतु मी वस्तीतली आहे आणि मला एक अडचण मांडायची आहे. ज्यांनी विहीर अडवली, त्यांची नातवंडे आज माझ्या मुलाबरोबर एका बाकावर बसतात, आणि वस्तीतल्या अनेक बायका त्यांच्याच तंबाखूच्या शेतात मजुरीला जातात. म्हातारीने नाव घेतले आणि ते ध्वनिमुद्रण एखाद्या ग्रुपवर फिरले, तर मजुरी सुनेची तुटणार आहे, मुलाखत घेणाऱ्याची नव्हे. त्यामुळे आधी परवानगी, तीही बोलून झाल्यावर पुन्हा एकदा, आणि सगळे ऐकवून. परवानगी म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा नव्हे.

प्रश्नांविषयी माझा अनुभव सांगते. माझ्या आत्याला मी विचारले, 'तुम्ही चळवळीत होता का?' तर त्या म्हणाल्या, 'आमी कसली चळवळ केली, बाई.' मग मी येसकरकीच्या पाळीची, म्हणजे कामाच्या बदल्यात घरोघरी मागायची भाकरी कोण आणायचे, असे विचारले आणि त्या थांबेचनात. हात लागू नये म्हणून भाकरी वरून टाकत, ती पदरात झेलायची; कालवण मागायला वेगळे गाडगे न्यायचे; आणि एके दिवशी सासूबाईंनी ते गाडगे उंबऱ्यावरच आपटले, तेव्हापासून त्या घरची पाळी बंद झाली. शिक्षक जिला चळवळ म्हणतात, ती आत्याच्या लेखी सासूचा संताप आहे. हे बोलणे अर्धे मराठी, अर्धे कानडी होते. लिहून काढताना कृपया ते शुद्ध करू नका.

उत्तर 3 : खानापूरकर

दोन मुद्द्यांची भर घालतो. पहिला कालनिश्चितीचा. वृद्ध माणसे साल सांगत नाहीत, 'वतन गेलं तेव्हा' (गावकीच्या कामाचा वंशपरंपरागत हक्क आणि बांधिलकी संपली तेव्हा) असे सांगतात, आणि सीमाभागात ही खूण फसवी ठरते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला. मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या कायद्याने रद्द केली. आपल्या बाजूला म्हैसूर राज्याचा 1961 चा कायदा लागू झाला. त्यामुळे एक बहीण चंदगडला दिलेली आणि दुसरी खानापुरात राहिलेली असेल, तर दोघींची साले जुळणार नाहीत आणि तरीही दोघी खऱ्या असतील. हाडकी-हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या जमिनीविषयी विचारताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मुद्दा जतनाचा. अमेरिकी काँग्रेसने 2009 मध्ये नागरी हक्क चळवळीच्या मौखिक इतिहासासाठी कायदा केला, तेव्हा देशभर आधीच झालेल्या मुलाखती कोठे कोठे पडून आहेत, याची पाहणी करण्याचे कामही त्यात सोपवले होते. आपणही आधी जयंतीच्या भाषणांच्या कॅसेटी, लग्नाच्या व्हिडिओतली म्हाताऱ्यांची बोलणी, बुद्धविहारातल्या वह्या यांचा शोध घ्यावा. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रती कराव्यात, एक प्रत गावाबाहेर ठेवावी, आणि प्रत्येक फाइलबरोबर कोण बोलले, कोठे, कोणी विचारले, कोणत्या अटीवर, हे चार ओळींत लिहून ठेवावे. हे टिपण नसेल, तर वीस वर्षांनी तो नुसता आवाज उरतो.

वेदगंगाकाठ (निपाणी)

तिघांचेही आभार. दूधगंगाताईंचे वाचून मी बेत बदलला आहे. प्रश्न विचारायला वस्तीतल्याच पदवीधर मुली बसतील. माझ्याकडे फक्त यंत्र आणि नोंदवही राहील. संपूर्ण ध्वनिमुद्रण सांगणाऱ्याच्या घरी राहील आणि नावे गाळलेली प्रत, त्यांची हरकत नसल्यास, शाळेत येईल. खानापूरकर सर, पहिली पाहणी मी जत्राटपासून सुरू करतो. चंदगडकडच्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचवणारे कोणी आपल्या ओळखीचे असल्यास कळवावे. मराठी-कानडी मिश्र बोलणे जसेच्या तसे उतरवून घेणारी व्यक्तीही हवी आहे. मला कानडी वाचता येते, पण बोलीतले निम्मे निसटते.