विंडोज ७ वर पायथन चालून नाही रायलं, डीएलएल मिसिंग दाखवते

कपाशीवाला_दारव्हा
नमस्कार भाऊ लोकहो. आमच्याकडं कापूस वेचाई सुरू हाय, बायांचे किलो रोज वहीत लिहितो अन् बाजाराच्या आदल्या रात्री हिशोबाले बसलो की बाबांचा आकडा वेगळा, माझा वेगळा. म्हटलं पायथनमधे छोटासा प्रोग्राम लिहू, कॉलेजात थोडं शिकलो होतो. घरचा पीसी जुना हाय, विंडोज ७, २ जीबी रॅम. हॉटस्पॉटवरून एकदम नवीन व्हर्जन उतरवलं तं सेटअपच म्हणते नवीन विंडोज पायजे. मंग दोस्ताच्या लॅपटॉपवरून पायथनचा आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर आणला, आता 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' अशा लांबलचक नावाची डीएलएल (प्रोग्राम चालायले लागते ती विंडोजची फाइल) मिसिंग हाय म्हणते. एका साइटवर ती फाइल फुकट भेटून रायली, सिस्टम फोल्डरमधे टाकू का?

वऱ्हाडी_कीबोर्ड
अजिबात टाकू नको बे. ते विंडोज ८ पासूनचं प्रकरण हाय, ७ मधे नाहीच, अन् अनोळखी साइटवरच्या डीएलएलमधून काय घरात घुसन सांगता येत नाही. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा सपोर्टच बंद केला त्यायनं. तुले ३.८.१० पायजे, ३.८ मधली तयार इन्स्टॉलरवाली शेवटची तेच. पायथनच्याच साइटवर जुन्या रिलीजमधे हाय, तीसेक एमबीच्या आत, कोणाच्याही मोबाईलवर उतरव अन् पेनड्राइव्हनं आण. पयले कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे पाय ३२ बिट हाय का ६४, अन् सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चं मोठं अपडेट) हाय का. नसन तं आधी ते. सेटअपच्या पयल्याच पानावर खाली 'पाथ'वाला चौकोन रिकामा असते, तिथं टिक कर, नाही तं कमांड प्रॉम्प्टवर पायथन लिहिलं की ओळखतच नाही.

आर्वीचा_पेंग्विन
एवढी माथेफोड कायले, लिनक्स टाक ना. लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोत (प्रकारांत) पायथन आधीपासून असते. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लेच बंद झाले, ते आता नेटवर ठेवायसारखं नाही.

कपाशीवाला_दारव्हा
दादा बरोबर हाय तुमचं, पण त्याच पीसीवर बोटाच्या ठशाची मशीन अन् प्रिंटर चालते, त्याचे ड्रायव्हर फक्त विंडोजचे. बाबा मले घराबाहेर काढतीन.
वऱ्हाडी भाऊ, ३.८.१० झालं इन्स्टॉल! आयडलमधे (पायथनसंगं येते त्या एडिटरमधे) लिहून रायलो. पण आता नवीनच. नोटपॅडमधे नावं अन् किलो लिहून फाइल वाचतो. कमला, वनिता अशा दोनच नावाची फाइल केली तं भलतेसलते अक्षरं छापते, पूर्ण यादी देली तं 'चारमॅप' म्हणून एरर येते अन् बंद. यादीत चूक हाय का?

दर्यापूर_डेटा
यादी ठीक आहे. फाइल उघडताना एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमधे कशी साठवली ते, सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन सिस्टमचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरतं, आपल्याकडे बहुतेक १२५२. त्यात पाच बाइट रिकामे आहेत, म्हणजे त्यांना अक्षरच नाही. यूटीएफ-८ (मराठी चालणारं एनकोडिंग) मधल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्या पाचात येतो, झ आणि ए चा पण. म्हणून कमला-वनिताचा नुसता कचरा होतो आणि यादीत कुठं ज्योत्स्ना नाही तर झिंगूबाई असली की सरळ एरर, जोडाक्षराशिवाय मराठी यादी व्हायची कशी! नोटपॅडमधे सेव्ह करताना खाली एनकोडिंग यूटीएफ-८ निवडा, एएनएसआय ठेवलं तर नावांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. प्रोग्राममधे ओपनला एनकोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. सिग एवढ्यासाठी की विंडोज ७ चं नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतं, ती नाही तर पहिल्या बाईच्या नावाला चिकटते. बाहेर लिहायची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) पण याच एनकोडिंगमधे लिहा, एक्सेलमधे नावं नीट दिसतील. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चौकोन दिसले तर घाबरू नका, तो फॉन्टचा प्रश्न.

कपाशीवाला_दारव्हा
जमलं!! बाबा आकडे मराठीत लिहितात, ४०.५ असं, ते इंग्रजीत बदला लागतीन का? अन् कोणी म्हणते पांडाज (डेटासाठीची पायथनची जोड लायब्ररी) टाक, ते टाकू का?

दर्यापूर_डेटा
बदलू नका. पायथनचं इंट आणि फ्लोट देवनागरी आकडे जसेच्या तसे घेतं. पांडाज कशाला, २ जीबीत आणि तुमच्या हॉटस्पॉटवर? सीएसव्ही मॉड्यूल आतच असतं, वीस-पंचवीस बायांना ते भरपूर झालं.

वऱ्हाडी_कीबोर्ड
एक पाय भाऊ, पूर्ण रुपये करायले राउंड वापरून रायला असशीन तं सांभाळ. वेचाईच्या किलोले ९ रुपये भावानं ४०.५ किलोचे ३६४.५० होतात, त्याचे ते ३६४ करते. ४१.५ चे ३७३.५०, त्याचे मात्र ३७४. बरोबर अर्धा आला की पायथन सम आकड्याकडं जाते, तसंच बनवलं हाय ते. एका बाईले वरचे आठ आणे भेटले अन् दुसरीचे कापले तं पारावर तुलेच उभं करतीन. डेसिमल मॉड्यूल घे, आकडा अवतरण चिन्हात मजकूर म्हणूनच दे अन् 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर) लाव.

कपाशीवाला_दारव्हा
अरे बापरे, राउंडच लावलं होतं. आत्ताच बदलतो, लाईन आली की.