मदत हवी आहे: फेदर डस्टरने पिसारा टाकला, मेला का?

खारट: खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या फेदर डस्टरचा (नळीत राहणाऱ्या समुद्री किड्याचा) पिसारा आज तळाशी पडलेला दिसला. नळी उभी आहे, आत कुणी दिसत नाही. काढून टाकू का? लवकर सांगा, तो सडून मासे मरायला नकोत.

शंखोबा: नळी कातड्यासारखी मऊ की चुन्याची कडक? अमोनिया किती? टाकी किती जुनी?

खारट: मऊ. पाणी ठीक आहे, स्वच्छ दिसतंय.

शंखोबा: अमोनिया डोळ्यांना दिसत नाही हो. मोजा.

रिकामटेकडा: उपासमार, दुसरं काही नाही. पिसाऱ्याने तो पाण्यातले बारीक कण गाळून खातो. फिल्टर जोरात असला की त्याला उरतं काय? रोज वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, घाला.

शंखोबा: प्रत्येक धाग्यावर तुमचं प्लवक! पिसाराच नाही तर खाणार कशाने? घातलेलं नुसतं कुजेल. खारट, पिसारा टाकला म्हणजे मेला असं नाही. ताण आला किंवा कुणी चावलं की तो पिसारा सोडतो आणि नळीत खाली दडतो. काही आठवड्यांत नवा येतो, आधी लहानसर. श्वसनही मुख्यतः पिसाऱ्यातूनच, म्हणून पाणी खेळतं ठेवा. नळी उपटू नका. घाण वास आला तरच काढा.

लाटवाली: आणि किडा नळीबाहेर पडला तरी लगेच टाकून देऊ नका. चिकट स्रावात वाळू-गाळ कालवून तो नवी नळी बांधू शकतो. चुन्याच्या नळीवाल्या जातभाईंना ते जमणं कठीण. पडलेला पिसारा अख्खा आहे की कुरतडलेला? नवा मासा आणलाय?

खारट: टोकं तुटलीत. बटरफ्लाय मासा आणलाय, पण तो गरीब आहे, दिवसभर दगडच टोचत असतो.

शंखोबा: घ्या! दगडावरचे किडेच खात असणार तो.

गप्पिष्ट: १९७७ साली गॅलापागोसजवळ खोल समुद्रात उष्ण झऱ्यांपाशी राक्षसी नळीकिडे सापडले. प्रौढांना तोंडही नाही, आतडंही नाही! अंगातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या जोरावर अन्न बनवतात.

शंखोबा: त्याचा इथे काय संबंध?

जिज्ञासू: माझी एक शंका. गुदद्वार नळीच्या तळाशी, मग विष्ठा बाहेर कशी येते?

लाटवाली: अंगावर लांब खाच असते, तिच्यातले सूक्ष्म केस ती वर ढकलत आणतात.

खारट: ते राहू द्या! मासा पकडायचा तर सगळे दगड उचलावे लागतील. दुसरा उपाय?

लाटवाली: नळीवर भोकांचा प्लास्टिक डबा उपडा ठेवा. पाणी जाईल, मासा नाही. आणि अमोनिया मोजाच.