आई-बाबांसोबत दिल्ली: मेट्रो बरी की दिवसभराची टॅक्सी?

नमस्कार मंडळी, जानेवारीत आई-बाबांना घेऊन नागपूरहून दिल्लीला जाऊन राहिलो. मदत हवी आहे.

आईला सगळ्यात आधी २६, अलीपूर रोडला जायचं आहे. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच झालं. तिचं सारं आयुष्य दीक्षाभूमीजवळ गेलं, त्यामुळे बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहायला नको.

नकाशात पाहिलं तर सिव्हिल लाइन्स, चांदनी चौक, केंद्रीय सचिवालय, कुतुबमिनार ही स्थानकं मेट्रोच्या पिवळ्या लाइनवरच आहेत. म्हणून मेट्रोच बरी वाटते. पण आईचे गुडघे फार दुखतात. चांदनी चौकाच्या गर्दीत तिला लिफ्टपर्यंत नेणं जमेल का? की काश्मिरी गेटला गाडी बदलून लाल किला स्थानकावर उतरावं? सिव्हिल लाइन्सहून स्मारकापर्यंत ई-रिक्षा सहज मिळते का?

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तो दिवस कुतुबमिनारला ठेवलाय. गाडी हजरत निजामुद्दीनला उतरवते, हुमायूनचा मकबरा तिथून जवळ आहे. पण धुक्यात गाड्या फार लेट होतात, तर पहिला दिवस मोकळाच सोडावा का?

वयस्कर माणसांना घेऊन कोणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.