अँटिबायोटिक औषध काही वर्षं बंद ठेवलं तर बॅक्टेरियांचा रेझिस्टन्स (औषधाला न जुमानणं) जाईल ना?

भिंगवाला:
रेझिस्टन्स म्हटलं की सगळे हात टेकतात, मला ते पटत नाही. स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचंच घ्या ना. रायबोसोमच्या (पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) एस१२ प्रोटीनमधलं ४२ नंबरचं अमिनो आम्ल लायसिन जाऊन तिथे अस्पॅराजिन हे दुसरं आलं की औषध लागूच पडत नाही. पण हे फुकटात नाही होत, असा रायबोसोम अती काटेकोर होतो, चुका कमी पण प्रोटीन बनवायचा स्पीड पडतो आणि वाढ मंदावते. म्हणजे औषध नसेल तेव्हा साधे बॅक्टेरियाच पुढे जाणार. मग ठेवा ना बंद काही वर्षं!

टीपकागद:
कागदावर मस्त. पण लॅबमधे ई. कोलाय बॅक्टेरियाचे असे म्युटंट (बदल झालेले) औषधाशिवाय वाढवले तर बहुतेक वेळा ते मागे फिरतच नाहीत. रायबोसोमच्याच एस४ नाहीतर एस५ प्रोटीनमधे दुसरा बदल होतो, काटेकोरपणा ढिला पडतो, स्पीड परत येतो आणि रेझिस्टन्स जिथल्या तिथे. मूळ पदावर यायला नेमका एकच बदल लागतो, भरपाई करायला जागा कितीतरी. आणि भरपाई झाल्यावर एस१२ पूर्ववत झालंच तर उलट तोटा, कारण आता ढिलेपणा जास्त होतो.

भिंगवाला:
हो पण भरपाई व्हायला वेळ लागतो की, तेवढ्यात साधे बॅक्टेरिया पुढे निघून गेले तर? लॅबमधे ते स्पर्धेला नसतातच!

टीपकागद:
असतील तर थोडा फरक पडेल, मान्य. पण टीबीचं काय करणार? तिथे पेशंटमधे जास्त करून ४३ नंबरच्या लायसिनच्या जागी आर्जिनिन सापडतं (ई. कोलायमधलं ४२ ते हेच). त्याची किंमत जवळजवळ शून्य. जे महाग पडतं ते आधीच गळतं, आपल्या वाट्याला येतात ते स्वस्तातलेच.

सातकॉपी:
दोघंही नुसते प्रोटीनला धरून बसलायत. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला रायबोसोमच्या एल४, एल२२ प्रोटीनमधल्या बदलांनी रेझिस्टन्स येतो खरा, पण जास्त त्रास एर्म जीनचा, तो आरआरएनएवर (रायबोसोममधला आरएनए) मिथाइल गट चिकटवतो आणि प्लाझ्मिडवर (डीएनएचं छोटं सुटं कडं) बसून एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात फिरतो. ई. कोलायकडे आरआरएनए जीनच्या ७ कॉप्या, एकीत बदल होऊन भागत नाही, म्हणून तिथे प्रोटीनला भाव. टीबीकडे एकच, तिथे प्रोटीन असो की आरआरएनए, दोन्हीतला बदल चालतो.

भिंगवाला:
एर्मचा वेगळा धागा काढा की राव. माझा मुद्दा एवढाच, एस१२ चा कुठला बदल आहे ते सिक्वेन्सिंग करून (जीन वाचून) बघा, महागडा निघाला तर औषध बंद ठेवण्यात अर्थ आहे.

टीपकागद:
मग एस४ आणि एस५ पण बघा सोबत, तिथे भरपाई झालेली असेल तर तुमची औषधाची सुट्टी वाया.